पोराची कोठडी, आईच्या नावाचं बिल

रानजाई (धागाकर्ती)
शाळेच्या कॅफेटेरियात मी दुपारची चार तास काम करते. कॅलिफोर्नियातलं आमचं गाव लहान आहे, नाव सांगत नाही. माझ्यासोबत ट्रे धुवायला एक मेक्सिकन बाई असतात, पन्नाशीच्या. मी त्यांना ताई म्हणते. त्याही मला ताईच म्हणतात, कारण त्यांना वाटतं की ते माझं नाव आहे.

गेल्या आठवड्यात ताईंनी एक निळा बिस्किटांचा डबा आणला. तोच तो, गोल, डॅनिश बटर कुकीजचा, ज्यात आपल्याकडे सुईदोरा निघतो. त्यांच्या डब्यातून काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, पत्रं निघाली. थोरला मुलगा पंधराचा असताना मित्रांबरोबर चोरीच्या गाडीत सापडला होता. ३८ दिवस ज्युवेनाइल हॉलमध्ये, म्हणजे मुलांच्या कोठडीत, मग पायात जीपीएसचा पट्टा. तो सुटून घरी आला आणि मागोमाग बिल आलं. कोठडीचं दर दिवसाचं भाडं, पट्ट्याचं भाडं, सरकारनं मुलाला दिलेल्या वकिलाची फी, सगळं ओळीनं मांडून चार हजारांच्या वर. दंड वेगळा! ही नुसती 'सेवेची' आकारणी. ताईंनी महिन्याला पन्नास डॉलरप्रमाणे बरीच वर्षं भरले, नंतर जमेना.

डब्यातलं सगळ्यात वरचं पत्र २०२१ चं होतं. मी वाचून दाखवलं: तुमची थकबाकी रद्द करण्यात आली आहे, शिल्लक ०.००. ताईंनी ते चार वर्षं बिल समजून जपून ठेवलं होतं. त्या पत्त्यावरून आलेला प्रत्येक कागद बिलच असायचा ना. बँकेतलं काउंटी उचलून नेईल या भीतीनं त्यांनी खातंसुद्धा उघडलं नव्हतं.

तेव्हापासून मला झोप नाही. प्रश्न दोन. मुलाला सरकार उचलून नेतं आणि त्याच्या राहण्या-खाण्याचे पैसे आईकडून घेतं, हे तुम्हाला पटतं का? आणि हा कायदा बदलला कसा, कुणाला माहीत आहे का?

कोर्टाची_पायरी
पहिला! मला वाटलं कोर्ट फी स्टॅम्पचा धागा आहे. वारस दाखल्याला किती रुपयांचा लागतो ते विचारायला आलो होतो.

अण्णा_कराडकर
कुणी रागावू नका, पण मला पटतं. पोर कुणाचं? पंधरा वर्षांचं कार्टं रात्री एक वाजता चोरीच्या गाडीत बसतं तेव्हा आईबाप काय करत असतात? आमच्या वडिलांनी शेजाऱ्याच्या कौलाचे पैसे आमच्या पाठीवरून वसूल केले होते, शिवाय शेजाऱ्याला रोख दिले होते. आता म्हणे कोठडीचा खर्चही करदात्यानं करावा. जो सरळ चालतो त्यानंच का भरायचं? धागाकर्तीच्या भावना समजतात, पण भावनेवर राज्य चालत नाही.

चकलीसम्राट
अण्णा आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गणितमास्तर
भावना नकोत ना, मग आकडे घ्या. ओकलंड ज्या अलमेडा काउंटीत आहे तिथलं २०१६ पूर्वीचं दरपत्रक जाहीर आहे. ज्युवेनाइल हॉल दिवसाला २५.२९ डॉलर, पायातला पट्टा दिवसाला १५, प्रोबेशनची (घरी राहणाऱ्या मुलावर कोर्टाची) देखरेख महिन्याला ९०, चौकशी अहवाल २५०, सरकारनं दिलेला वकील ३००, अमली पदार्थांची चाचणी प्रत्येक वेळी २८.६८.

आता एक मध्यम प्रकरण धरू. महिनाभर हॉल, दोन महिने पट्टा, वर्षभर प्रोबेशन, चार चाचण्या:
७५८.७० + ९०० + १०८० + २५० + ३०० + ११४.७२ = ३४०३.४२ डॉलर.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला १० डॉलर होतं. म्हणजे ३४० तास. आठ तासांच्या पाळीनं बेचाळीस दिवस, त्यात जेवायचं नाही, घरभाडं द्यायचं नाही, कर कापून घ्यायचा नाही.

चकलीसम्राट
२५.२९ मध्ये नाश्ता धरलाय का? आणि हे २९ सेंट कशाचे?

गणितमास्तर
@चकलीसम्राट चेष्टा वाटेल, पण मलाही ते २९ सेंटच खटकले. कुणीतरी टेबलाशी बसून भाजी, वीज, साबण यांचा हिशोब लावला असणार. राउंड फिगर टाकली असती तर निदान अंदाजे तरी वाटलं असतं.

पाणकोंबडी
वाचतेय. डब्याबद्दल +१. आमच्या घरी त्यात रबरबँड, जुनी बटणं आणि १९९४ चं रेशनकार्ड आहे.

खाडीपलीकडे
मी ओकलंडजवळ राहतो आणि ह्यातलं थोडं जवळून पाहिलंय, म्हणून लांबलचक लिहितो.

मूळ दुखणं जुनं आहे. कॅलिफोर्नियाच्या वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडचं कलम ९०३ पालकांना मुलाच्या पोषणखर्चाला जबाबदार धरायचं. वरकरणी बरोबरच, मूल घरी असतं तरी जेवलंच असतं. पण त्या एका कलमाच्या आधारानं हळूहळू वकील, पट्टा, चाचणी, देखरेख सगळं बिलात शिरलं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ नं मालमत्ता कराला वेसण घातली, तेव्हापासून काउंट्या फीवर जगायला शिकल्या असं माझं मत आहे. अलमेडाचं वरचं दरपत्रक मात्र २००९ चं, म्हणजे मंदीतलं.

बर्कलीच्या लॉ स्कूलमध्ये विद्यार्थी खरी कामं हाताळतात असं एक क्लिनिक आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक संघटनांनी अलमेडाच्या नोंदी मागवल्या, घरोघरी जाऊन आयांशी बोलले. काउंटीच्या बोर्डानं मार्च २०१६ मध्ये आकारणी थांबवली आणि जुलैमध्ये फी रद्दच केली. मग ते राज्यभर फिरले. सॅन्टा क्लारा काउंटीत, म्हणजे आपली अर्धी आयटी मंडळी राहतात तिथे, २०१४-१५ साली जवळपास चार लाख डॉलर गोळा करायला साडेचार लाखांच्या वर खर्च झाला होता. कारकून, पाकिटं, पोस्ट, वसुली विभाग.

होली मिचेल आणि रिकार्डो लारा या दोन सिनेटरांनी सिनेट बिल १९० आणलं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये सही केली, १ जानेवारी २०१८ पासून नवी आकारणी बंद. खोच अशी की जुनी थकबाकी तशीच राहिली. काही काउंट्यांनी आपणहून सोडली. लॉस एंजेलिसनं तर २००९ लाच नवी आकारणी थांबवली होती, पण जुन्या खात्यांच्या मागे ते २०१८ पर्यंत होते. त्या ऑक्टोबरात त्यांनी जवळपास ९ कोटी डॉलरची थकबाकी एका ठरावानं पुसली. उरलेल्या काउंट्यांसाठी २०२० मध्ये सिनेट बिल १२९० करावं लागलं. ते १ जानेवारी २०२१ ला लागू झालं. @रानजाई, तुमच्या ताईंचं २०२१ चं पत्र त्याचंच असणार.

अण्णा_कराडकर
म्हणजे आणखी एक कर्जमाफी. ज्यानं पोटाला चिमटा काढून सगळं भरलं त्याला काय मिळालं? आमच्याकडेही हेच. सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरणारा मी गाढव, आणि थकवणारा शहाणा.

बांधावरची_बोर
अण्णा, २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं. तुम्हाला मिळालं नाही का?

अण्णा_कराडकर
मिळालं. मुद्दा तो नाही.

चकलीसम्राट
😂😂 हहपुवा

खाडीपलीकडे
अण्णांचा प्रश्न मात्र रास्त आहे. ज्यांनी आधीच भरले त्यांना या कायद्यानं परत काही दिलं नाही. काँट्रा कोस्टा काउंटीनं काही कुटुंबांना पैसे परत केले, पण ते ज्यांच्याकडून मुळातच बेकायदा घेतले होते त्यांना. आरोप सिद्धच झाला नाही अशा मुलांच्या घरीसुद्धा कोठडीचं बिल गेलं होतं. विचार करा, मूल निर्दोष आणि भाडं मात्र चालू.

आणि थकवणारा शहाणा वगैरे काही नसतं. काउंटी थकबाकीचा कोर्टाकडून हुकूमनामा घ्यायची, मग पगारातून कपात, राज्याच्या टॅक्स रिफंडवर जप्ती. ऑरेंज काउंटीतल्या एका आईचं प्रकरण फेडरल अपील कोर्टापर्यंत गेलं. मुलगा आत होता त्याचे रोजचे २३.९० डॉलर आणि वकिलाचे वेगळे, एकूण १६,३७२. तिनं घर विकून साडेनऊ हजार भरले. काउंटी उरलेल्यासाठी मागे लागली, तेव्हा तिनं दिवाळखोरी घेतली. काउंटी म्हणाली, हे पोटगीसारखं कर्ज आहे, दिवाळखोरीतही सुटत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या अपील कोर्टाच्या (नवव्या सर्किटच्या) खंडपीठानं ते फेटाळलं. न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांनी लिहिलेला निकाल आहे. अशा वसुलीला त्यांनी संकटावर लावलेला कर म्हटलंय.

रानजाई
@खाडीपलीकडे खूप आभार. पोटगीचा युक्तिवाद वाचून हसावं की रडावं कळेना. मूल तुम्ही नेलंत, आणि पोटगी आईनं तुम्हाला द्यायची!

गल्ला
इतके दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. माझं छोटं दुकान आहे, दूध-ब्रेड-लॉटरी टाइप. राज्य सांगत नाही, दोनच मराठी माणसं आहोत इथे, लगेच ओळखतील.

तीन वर्षांपूर्वी रात्री तीन पोरांनी पुढची काच फोडली. सिगारेटची पाकिटं आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे गल्ल्यातली चिल्लर नेली. काच १८५० डॉलर, विम्याचा डिडक्टिबल दोन हजार, म्हणजे सगळं माझ्या अंगावर. पोरं सापडली. कोर्टानं मला नुकसानभरपाई मंजूर केली. आजवर दोन चेक आलेत, एक ३५ चा, एक ४० चा.

म्हणून अण्णांच्या बाजूनं लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता आठवलं. त्यातल्या एका मुलाची आई दुकानात येते. माफी मागायला एकदा आली, नंतर दूध घ्यायला येतच राहिली. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. तिनं मला फोनवर दाखवलं होतं, कोर्टाचा खर्च इतका, देखरेख फी इतकी, आणि सगळ्यात शेवटी माझी काच. तिच्याकडे महिन्याला साठ डॉलर सुटे होतात. ते कुणाला द्यायचे हे तीही ठरवत नाही आणि मीही नाही.

तेव्हा माझं मत: काउंटीची फी उडवा. सगळी. साठातले साठ माझ्याकडे येऊ द्या. मला न्याय-बिय नको, काच हवीय.

काळाकोट
@गल्ला मोलाचं लिहिलंत. या चर्चांमध्ये तीन गोष्टींची नेहमी खिचडी होते. दंड ही शिक्षा. नुकसानभरपाई म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं देणं. आणि फी म्हणजे व्यवस्था चालवल्याचं बिल. सिनेट बिल १९० मध्ये फक्त तिसरी गोष्ट गेली, नुकसानभरपाई राहिली. अण्णांच्या वडिलांनी शेजाऱ्याला कौलाचे पैसे दिले ती नुकसानभरपाई. पाठीवर वळ उठले तो दंड. पण त्यांनी शेजाऱ्याला पैसे देऊन वर फोकाचं भाडं तुमच्याकडून घेतलं नाही ना? ती फी.

अण्णा_कराडकर
फोक आमच्याच निरगुडीचा होता.

काळाकोट
:)

आता आपल्याकडचं. मी महाराष्ट्रात एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते, बाल न्याय मंडळासमोर मोफत कायदे सहाय्याच्या केसेस घेते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आहे, लोक मात्र अजून 'रिमांड होमला टाकलं' म्हणतात. निरीक्षणगृहात राहिल्याचं बिल घरी जात नाही. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बालकाला उत्पन्नाची अट नाही. दंडाची तरतूद मात्र आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ मुलाला किंवा आईवडिलांना दंड भरायला सांगू शकतं.

लगेच 'बघा आपली संस्कृती' म्हणून टाळ्या वाजवू नका. फी नाही, हेलपाटे आहेत. माझ्याकडे एक कुटुंब होतं, दोघं ऊसतोड. तारखेला यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते आणि मुकादम उचल कापतो. गावापासून तीन तास एसटी. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं म्हणून नंतर नंतर आई एकटीच यायची, पूर्ण तिकिटाचा बाप फडावर. येते आणि कळतं, आज सदस्य आले नाहीत, पुढची तारीख. ती माझ्या टेबलाशी बसून पदराच्या गाठीतून सुटे पैसे मोजायची, परतीचं निघतंय का बघायला. हे बिल कुठल्या कागदावर येत नाही, त्यामुळे रद्दही करता येत नाही.

पाणकोंबडी
@काळाकोट शेवटचं वाक्य वाचून थांबले. 🙏

नाना_फडतूस
आपल्याकडे तीनशे शब्दांचा निबंध लिहिला की झालं. कशाला बिल नि कशाला हेलपाटे.

काळाकोट
@नाना_फडतूस कल्याणीनगरचं म्हणताय. मे २०२४, दोन तरुण जीव गेले, आणि मुलाला काही तासांत जामीन, अटींमध्ये निबंध. राग बरोबर आहे. पण त्यानंतर माझ्या ऊसतोडीच्या मुलाचा जामीनसुद्धा पंधरा दिवस लांबला, कारण 'लोक बघताहेत'. एका पोर्शेचा हप्ता बाकीच्यांनी भरला.

नाना_फडतूस
हे लक्षात नव्हतं आलं. मागे घेतो.

एडिसनचा_एकनाथ
न्यू जर्सीवाले कुणी विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो. आमच्याकडे जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नर मर्फींनी सही केली. बालन्यायालयातल्या फीच नाही तर दंडही गेले, आणि जुनी थकबाकीही. त्याआधी नेव्हाडा २०१९, मेरीलँड २०२०. २०२१ मध्ये कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओरेगन, लुइझियाना वगैरे. लुइझियानासारखं राज्य या यादीत बघून मला आश्चर्य वाटलं होतं. उजवे-डावे दोघंही यात आहेत, कारण तोट्यातला धंदा कुणालाच नको.

अवांतर: दुकानदार साहेब, न्यू जर्सीत या, इथे दोनच नाही, दोन हजार मराठी माणसं काच फुटल्यावर सल्ला द्यायला येतील.

गल्ला
@एडिसनचा_एकनाथ सल्ल्याची काच बसत नाही हो.

खाडीपलीकडे
इतिहासातली एक गंमत. अमेरिकेत मुलांना वकील मिळण्याचा हक्क १९६७ च्या गॉल्ट निकालानं आला. ॲरिझोनातला पंधरा वर्षांचा मुलगा, शेजारणीला अश्लील फोन केला असा आरोप. प्रौढानं केलं असतं तर ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने. ह्याला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह, म्हणजे सहा वर्षं. वकील नाही, शेजारीण कोर्टात आलीसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुलांनाही वकील द्या. मग काउंट्यांनी वकील दिला, आणि त्याचं ३०० चं बिल आईला पाठवलं. काही आया बिलाच्या धाकानं मुलाला म्हणायच्या, वकील नको, कबूल करून टाक. हक्क असा परत घेता येतो.

मधली_आळी
हे सगळं ठीक आहे पण पेनसिल्व्हेनियाच्या लुझर्न काउंटीचं प्रकरण कुणी आणलं नाही अजून. सियावरेला आणि कोनाहन, दोन न्यायाधीश. खासगी कोठडीशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलर घेतले आणि किरकोळ गोष्टींसाठी पोरं आत पाठवत राहिले. २००९ मध्ये उघडकीला आलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हजारो निकाल रद्द केले. त्यातल्या कोनाहनची शिक्षा डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी कमी केली तेव्हा तिथल्या आया टीव्हीवर रडत होत्या. कोठडी हा धंदा झाला की गिऱ्हाईक लागतंच.

गणितमास्तर
@मधली_आळी ते भ्रष्टाचाराचं प्रकरण, इथे विषय कायदेशीर वसुलीचा. पण राज्य तेच आहे म्हणून सांगतो. पेनसिल्व्हेनियातल्याच ॲलेघनी काउंटीतल्या हजाराहून जास्त मुलांच्या नोंदी पिकेरो आणि जेनिंग्ज या दोन संशोधकांनी तपासल्या. ज्यांच्यावर पैशांचं देणं होतं ती मुलं पुन्हा पकडली जाण्याची शक्यता जास्त निघाली, गुन्ह्याचा प्रकार वगैरे जमेस धरूनही. पैसे हवेत म्हणून पोरगं काय करणार? पुन्हा तेच. अण्णा, तुमचा करदाता दोनदा भरतो.

अण्णा_कराडकर
आकडे बघितले. पण पालकांची जबाबदारी हा शब्दच कुणी उच्चारत नाही इथे. काहीतरी झळ बसायला नको का? मूल आत गेलं आणि आईबापाला शून्य तोशीस, हे चुकीचं शिक्षण नाही का?

आयडी_नवीन_आहे
या उत्तरासाठी नवीन आयडी काढलाय. जुन्या आयडीनं मी इथे पाककृती लिहिते, ओळखीच्या आहात सगळे.

अण्णा, झळ विचारताय. आमच्या घरात हे झालंय. मुलगा सोळाचा. शाळेत गोळ्या विकताना सापडला. आम्ही दोघं आयटीत, मोठं घर, रविवारी मराठी शाळा, गणपतीला ढोलपथक. पोलिसांचा फोन आला तेव्हा मी चकलीची भाजणी दळत होते. त्या मिक्सरचा आवाज अजून नकोसा वाटतो.

बिल आमच्याकडेही आलं, २०१५ ची गोष्ट. बावीसशे काहीतरी. नवऱ्यानं ऑनलाइन भरलं. क्रेडिट कार्डानं. मला आठवतं कारण तो म्हणाला, 'पॉइंट मिळतील.' विनोद करायचा प्रयत्न होता बिचाऱ्याचा. आणि खरंच मिळाले. त्यातून आम्ही विमानतळावर कॉफी प्यायलो.

आम्हाला झळ बसली ती बिलाची नाही. मराठी मंडळातल्या एका बाईंनी त्यांच्या मुलीला आमच्या गाडीतून पाठवणं बंद केलं, ती बसली. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर मुलाचा हात धरावा की नाही हे कळेना, ती बसली. त्याच बाकावर दुसरी एक आई होती, दवाखान्याच्या गणवेशात, कामावरून थेट आलेली. आमच्या मुलाची चूक तिच्या मुलापेक्षा मोठी होती. ती काउंटरवर हप्ते मागत होती आणि कारकून तिला सांगत होता, कमी करता येईल पण त्यासाठी उत्पन्नाचे कागद आणा, पुढच्या आठवड्यात, कामाच्या वेळेत. मी कार्ड पर्समध्ये घालून तिच्या मागे उभी होते.

तेच दरपत्रक दोघींना. मला ते दिसलंसुद्धा नाही.

मुलगा आता ठीक आहे. शिकतोय, स्वयंपाक छान करतो. कृपया ओळखायचा प्रयत्न करू नका.

पाणकोंबडी
कुणीही ओळखणार नाही. घट्ट मिठी.

चकलीसम्राट
वरचं पॉपकॉर्न मागे घेतो. आणि आयडीचं नाव बदलावंसं वाटतंय.

आयडी_नवीन_आहे
@चकलीसम्राट नको, राहू द्या. तुम्ही माझ्याच चकलीच्या धाग्यावर मोहन किती घालायचं विचारलं होतंत.

काळाकोट
@आयडी_नवीन_आहे उत्पन्नाचे कागद हा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात. फी कमी करून मिळण्याची सोय कायद्यात असायचीच, पण ती सोय मागायला पुन्हा एक दिवसाची मजुरी. आमच्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयासमोरची रांग बघा, तीच गोष्ट.

अण्णा_कराडकर
वाचलं. दोनदा वाचलं. ताई, मी तुम्हाला ओळखत नाही आणि ओळखलं तरी सांगणार नाही.

जबाबदारीवरचं माझं मत बदललेलं नाही. पण जबाबदारी म्हणजे हे बिल नव्हे, इतकं कबूल. दुकानदाराची काच आधी. माझं मत गल्लासाहेबांच्या मताला जोडा.

गल्ला
मत पोचलं. चेकपण पाठवलात तर चालेल.

बांधावरची_बोर
इथे दोन्हीकडचं वाचून एक शंका. अमेरिकेत केंद्र सरकार काही करत नाही का? की सगळं राज्यांवर?

खाडीपलीकडे
मुख्यतः राज्य आणि काउंटी. केंद्राच्या न्याय खात्यानं मिसूरीतल्या फर्ग्युसन शहराच्या दंडवसुलीवरच्या २०१५ च्या अहवालानंतर राज्यांच्या न्यायालयांना पत्र लिहिलं होतं, मार्च २०१६ मध्ये. बालन्यायालयांसाठी वेगळं मार्गदर्शन जानेवारी २०१७ मध्ये. त्याच डिसेंबरात नव्या सरकारनं दोन्ही मागे घेतली. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा नवं पत्र. आपल्याकडे जीआर जसे येतात-जातात तसंच. बांधून ठेवणारा असतो तो राज्याचा कायदा, म्हणून लढाई राज्यागणिक चाललीय.

कोर्टाची_पायरी
विषय निघालाच आहे तर वारस दाखल्याचं सांगेल का कुणी?

काळाकोट
@कोर्टाची_पायरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी घेणार नाही.

मधली_आळी
@रानजाई, डब्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. ताईंनी खातं उघडलं का?

रानजाई
उघडलं. शुक्रवारी मीच सोबत गेले होते. बँकेतल्या मुलीनं माझं नाव विचारलं, तर ताईच मध्ये बोलल्या, 'हिचं नाव ताई.' फॉर्मवर साक्षीदार म्हणून तेच लिहिलं जाणार होतं, थोडक्यात वाचले.

डब्यातली बिलं फाडून टाकूया, म्हटलं. मी कातरीसुद्धा नेली होती. त्यांनी डबा मांडीवर ओढून घेतला. शून्याचं पत्र वेगळं काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, ग्रीन कार्डाशेजारी. बाकीची परत डब्यात. मी विचारलं, ही कशाला? म्हणाल्या, ज्यांनी पाठवली होती ते अजून तिथेच बसतात.

उद्या त्यांना कॅफेटेरियात हा धागा दाखवणार आहे. गल्लासाहेबांची काच कशी सांगायची स्पॅनिशमध्ये, कुणाला येतं का?